आडनाव आपलं असलं तरी डॉट इनला जपा

आपल्या आडनावाचा वेबसाइटचा पत्ता (डॉट कॉम किंवा डॉट इन) घेतला आणि त्याच नावाच्या बड्या कंपनीने हरकत घेतली, तर ‘आडनाव आपलंच आहे, कंपनी काय करणार?’ असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. डॉट कॉमच्या तंट्यात नाव घेताना आणि वापरताना, दोन्ही वेळी वाईट हेतू होता हे कंपनीला दाखवावं लागतं. डॉट इनच्या नियमात तिथे ‘किंवा’ आहे. एकच पुरतं!

आमचं बेळगावात शहापूरला साड्यांचं दुकान. आडनावाचं डॉट इन घेतलं आणि पान रिकामंच ठेवलं. नाव विकणाऱ्याने परस्पर त्यावर जाहिराती चढवल्या, त्याही आमच्याच आडनावाच्या एका बड्या ब्रँडच्या मालाच्या. महिन्याभरात त्या ब्रँडची नोटीस. मग हे नाव आमचं जुनंच आहे हे दाखवायला माळ्यावरून आजोबांचं वाळवी लागलेलं बिलबुक काढलं, दुकानाच्या कन्नड परवान्याचं भाषांतर करून जोडलं, तेव्हा प्रकरण थांबलं. तुमचं पान आजच उघडून बघा.