'डिहायड्रोजनेज'ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका : जीवशास्त्राच्या एका पूरक पुस्तिकेत मी 'लॅक्टेट डिहायड्रोजनेज'साठी 'लॅक्टेट हायड्रोजननिरासक', म्हणजे लॅक्टेटमधला हायड्रोजन काढून घेणारे, असा शब्द योजला. पुढचेच वाक्य असे आहे की, वेगाने धावताना स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडू लागला की हे विकर (एंझाइम) साखरेपासून बनलेल्या पायरुवेटला हायड्रोजन देऊन त्याचे लॅक्टेट, म्हणजे दुग्धाम्लाचे रूप, करते. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिले, "निरासक देतो कसा?" आता मी शब्द बदलावा की वाक्य?

रक्ततपासनीस : दोन्ही बरोबर आहेत. हे विकर दोन्ही दिशांना काम करते. स्नायूंतले लॅक्टेट रक्तावाटे यकृतात गेले की तिथे त्याचा हायड्रोजन काढून पुन्हा पायरुवेट होते, आणि नाव या उलट्या दिशेवरून पडले आहे. आम्ही रोज रक्तातले हेच विकर, म्हणजे एलडीएच, मोजतो. नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर आकडा उगाच चढतो. या कामात 'निरासक' कोणीही म्हणत नाही, मग तो मुलांवर का लादावा?

निवृत्त शिक्षक : तुमचे अडत नसेल, पण मराठीतून शिकणाऱ्या मुलाला 'हायड्रोजननिरासक' वाचताच निम्मा अर्थ उलगडतो, 'डिहायड्रोजनेज' त्याला घोकावे लागते. माझा आक्षेप 'विकर' या शब्दाला आहे, कारण तो वाचला की 'विकार' आठवतो. आम्ही 'वितंचक' शिकवत असू. संस्कृतात विरजणाला 'आतंचन' म्हणतात आणि हा शब्द त्याच कुळातला असावा, असे मला वाटते. 'एंझाइम'मधल्या ग्रीक 'झाइम'चा अर्थही खमीर असाच आहे.

दहीवेडी : विरजण म्हटल्यावर मला राहवले नाही. माझी आई दुधात करंगळी बुडवून, ते सोसेल इतके कोमट झाले की मगच चमचाभर दही घालत असे. त्या दह्यातले जिवाणू दुधातल्या साखरेपासून पायरुवेट करतात आणि हेच विकर त्याला हायड्रोजन देऊन दुग्धाम्ल बनवते. म्हणजे विरजणाच्या भांड्यातही ते देणारेच ठरते! 'हायड्रोजनवाहक' का म्हणू नये?

रक्ततपासनीस : ते चुकीचे होईल. हायड्रोजन वाहून आणतो तो एनएडी हा सहघटक, म्हणजे विकराचा मदतनीस रेणू. विकर फक्त देवघेव घडवून आणते.

निवृत्त शिक्षक : 'सहघटक' नव्हे, 'सहवितंचक' म्हणावे.

अनुवादिका : मजकूर परवा छपाईला जायचा आहे. 'निरासक' ठेवून त्याखाली दोन्ही दिशांचे एक वाक्य घालू का, एवढेच कोणी सांगेल का?

दहीवेडी : त्याआधी 'पायरुवेट'चे पाहू. ग्रीक 'पायर' म्हणजे अग्नी आणि लॅटिन 'उवा' म्हणजे द्राक्ष. मग 'अग्निद्राक्षाम्ल' कसे वाटते?