डेरिक परेरांना विसरलात की
वर कोणीतरी म्हटलंय की आपले रिटायर झालेले इंटरनॅशनल फुटबॉल प्लेअर कोच म्हणून चालत नाहीत, अहो मग गोव्याच्या डेरिक परेरांचं काय? गोव्याच्या साळगावकर क्लबचा आणि इंडियाचा डिफेंडर, नंतर कोच झाला आणि २००५-०६ ला महिंद्रा युनायटेडला नॅशनल लीग (तेव्हाची देशातली मुख्य लीग) जिंकून दिली, मुंबईच्या क्लबने पहिल्यांदाच! मग आमच्या पुण्यात आले, २०१२-१३ ला पुणे एफसी आय-लीगमध्ये (नॅशनल लीगच्या जागी आलेली लीग) दुसरी, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागे, आणि तीही तेव्हा बालेवाडीत अर्धं स्टँड रिकामं असताना. २०२१ च्या डिसेंबरात एफसी गोवाचे स्पॅनिश कोच फेरांडो सीझनच्या मधेच मोहन बागानला गेले तेव्हा क्लबने परत ह्यांनाच हाक मारली. आयएसएलवाल्यांना (इंडियन सुपर लीगच्या क्लबना) परदेशी कोचच लागतो, अडचणीत मात्र घरचा माणूस.