मदत हवी आहे: एक्सटेक्स्टच्या नियमातून मॉडेलमधला वॉल्व्ह सापडत नाही

तापीकाठ: ठिबकच्या कंट्रोलरसाठी एक्सटेक्स्टमध्ये (एक्लिप्समधलं स्वतःची भाषा बनवायचं टूल) छोटी नियम-भाषा केलीये, त्यातून सी कोड जनरेट होतो. पंप, फिल्टर, वॉल्व्ह इकोर (एक्लिप्सची मॉडेल मांडायची पद्धत) मॉडेलमध्ये आहेत, आकृती सिरियस या आकृती-एडिटरमध्ये. नियमात वॉल्व्हचं नाव टाकलं की लाल रेघ. उद्या रावेरला केळीच्या बागेत कंट्रोलर बसवायचाय. कोणी केलंय का हे?

जळगावकर_77: एरर काय येते ते तर टाका. ग्रामरमध्ये (भाषेच्या व्याकरणाच्या फाइलमध्ये) वर जनरेट आहे की इम्पोर्ट, म्हणजे मॉडेल ग्रामरवरून बनतं की तयार घेतलंय?

यावल_देव: एक्सटेक्स्ट सोडा भाऊ. लँगियम घ्या, तसंच टूल आहे पण टाइपस्क्रिप्टमध्ये, व्हीएस कोडमध्ये छान चालतं. एक्लिप्सचा त्रास मिटतो.

जळगावकर_77: त्यांचं मॉडेल इकोरमध्ये आहे, लँगियम ते थेट वाचत नाही. आदल्या रात्री टूल बदलायला कुठे सांगता?

बागायतदार_फैजपूर: एवढं कशाला? एक्सेलमध्ये वेळापत्रक करा, कंट्रोलरला द्या. आणि केळीला खत ठिबकमधूनच सोडा, पण आधी फिल्टर धुऊन घ्या, नाहीतर ड्रिपर चोकअप होतात.

तापीकाठ: खताचं विचारलं नाहीये काका. एक्सेलने भागणार नाही. पंप एका वेळी किती वॉल्व्ह पेलतो ते मॉडेलला माहीत आहे, म्हणून चुकीचा नियम शेतात जायच्या आधीच पकडता येतो. सगळं त्यासाठीच चाललंय.
नियमांसाठी जनरेट, वॉल्व्हसाठी इम्पोर्ट. इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलं तर रेफरन्स रिझॉल्व्ह होत नाही म्हणतो. 'मळा_2' लिहिलं तर सरळ सिंटॅक्स एरर.

धुळे_कंपायलर: मग हे दोन वेगळे घोळ आहेत. एकात लिंकर (नावावरून वस्तू शोधणारा) अडतो, दुसऱ्यात लेक्सर (अक्षरांचे शब्द पाडणारा).
वॉल्व्हच्या क्लासमध्ये नावाच्या अ‍ॅट्रिब्यूटला काय म्हटलंय? एक्सटेक्स्ट आपणहून फक्त 'नेम' नावाचं अ‍ॅट्रिब्यूट बघतो.

तापीकाठ: 'कोड' आहे.

धुळे_कंपायलर: ते 'नेम' करा, नाहीतर स्वतःचा नेम प्रोव्हायडर (नाव कुठून घ्यायचं ते सांगणारा कोड) लिहा. तेवढ्याने भागलं नाही तर पुढचं: सिरियसने सेव्ह केलेली मॉडेलची एक्सएमआय फाइल एक्सटेक्स्टच्या इंडेक्समध्ये (नावांच्या यादीत) आपोआप येत नाही. त्या एक्स्टेन्शनसाठी जेनेरिक रिसोर्स सपोर्ट रजिस्टर करावा लागतो. आणि वॉल्व्ह प्लॉटच्या आत असेल तर त्याचं पूर्ण नाव 'प्लॉट.वॉल्व्ह' असं होतं, ग्रामरमध्ये क्वालिफाइड नेम चालू द्या.

यावल_देव: जेटब्रेन्सच्या एमपीएस टूलमध्ये यातलं काहीच नाही, तिथे पार्सरच (मजकूर वाचून रचना ओळखणारा भाग) नसतो.

जळगावकर_77: आणि मॉडेल तिथे पुन्हा कोण मांडणार?

तापीकाठ: नेम आणि रजिस्टर दोन्ही केलं, वॉल्व्ह सापडला! इंग्रजी नावांचं जमलं. मराठीचं काय? शेतकऱ्याला नियम मराठीतच वाचायला हवेत, त्यावर तडजोड नाही.

धुळे_कंपायलर: आयडी टर्मिनल (नावात काय चालतं ती ग्रामरमधली व्याख्या) फक्त इंग्रजी अक्षरं, अंडरस्कोर आणि अंक घेतं. ते ओव्हरराइड करून यूनिकोड 0900 ते 0963 घाला, त्यात काना-मात्रा, अनुस्वार सगळं येतं. पुढे दंड (।) आणि मराठी अंक येतात, ते नका घेऊ. आकडे 2, 3 असेच लिहा, इंट टर्मिनल '३' ओळखत नाही. फाइलचं एन्कोडिंग यूटीएफ-8 ठेवा. आणि 'मळा_2' हे नाव सी कोडमध्ये उतरू देऊ नका. जनरेटरमध्ये त्याऐवजी मॉडेलमधला पिन नंबर (वॉल्व्ह कंट्रोलरच्या कुठल्या पिनला जोडलाय तो) घ्या.

तापीकाठ: पिन नंबर मॉडेलमध्ये नाहीये. आत्ता टाकतो.