सॅटर्न: बंद पडली की पाडली?

रानवारा (धागाकर्ती):

सॅटर्न म्हणजे अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने काढलेली वेगळी मोटार कंपनी. ३० जुलै १९९० रोजी टेनेसी राज्यातल्या स्प्रिंग हिलच्या नव्या कारखान्यातून पहिली सॅटर्न गाडी बाहेर आली. गाडीत जनरल मोटर्सचे अध्यक्ष रॉजर स्मिथ होते आणि त्यांच्याबरोबर कामगार संघटनेचे, म्हणजे यूएडब्ल्यूचे, अध्यक्ष ओवेन बीबर. मालक आणि युनियन एकाच गाडीत. त्यानंतर लगेचच स्मिथ निवृत्त झाले, आणि माझ्या मते सॅटर्नचं नशीब तिथंच फिरलं. वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, तिचं शेवटचं दुकानही बंद झालं. "सॅटर्न चालली नाही" असं लोक सहज म्हणतात. मला ते मान्य नाही. तिला उपाशी ठेवलं गेलं.

आम्ही १९९६ साली नॅशव्हिलमध्ये नवीन होतो. नवरा विद्यापीठात, मी घरी, पदरी दोन वर्षांचा मुलगा. गाडी मी चालवणार होते. आधी ज्या शोरूममध्ये गेलो (नाव घेत नाही) तिथला विक्रेता संपूर्ण वेळ फक्त नवऱ्याशी बोलला. तोंडी एक किंमत सांगितली आणि कागदावर भलतीच आली. भाजीबाजारात मी कुणाला ऐकत नाही, पण परक्या देशात, परक्या भाषेत, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या खरेदीत घासाघीस करायची म्हणजे पोटात गोळा येतो. सॅटर्नच्या शोरूममध्ये काचेवर लिहिलेली किंमत हीच किंमत होती. पुढे उभ्या असलेल्या डॉक्टरलाही तीच आणि आम्हालाही तीच. किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा सगळे कर्मचारी काम सोडून बाहेर आले, टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. तो फोटो अजून आहे.

साताऱ्याहून आईने फोनवर विचारलं, "गाडीचं नाव शनी? आणि शनिवारी लोखंड घरात आणणार?" मी तिला सांगितलं की नाव ग्रहाचं नाही, माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न रॉकेटचं आहे, आणि दारं तर लोखंडाची नाहीतच. खरंच नव्हती. आत पोलादी सांगाडा, पण दारांचं आणि फेंडरचं बाहेरचं आवरण पॉलिमरचं. बॉनेट, टप आणि डिकी तेवढी पत्र्याची. दुकानातली ढकलगाडी दारावर आपटली तरी पोचा यायचा नाही. ती गाडी मी अकरा वर्षं चालवली.

विश्वास कसा कमावतात तेही त्यांनी दाखवलं होतं. १९९१ मध्ये एका पुरवठादाराचं सदोष कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) अठराशेहून जास्त गाड्यांत भरलं गेलं, तर दुरुस्ती न करता कंपनीने त्या गाड्याच बदलून दिल्या. जून १९९४ मध्ये मालकांना कारखाना पाहायला बोलावलं, तेव्हा सुमारे ४४ हजार लोक स्प्रिंग हिलला आले. सुट्टी काढून, मुलाबाळांना घेऊन, आपली गाडी जिथं जन्मली ते गाव पाहायला! असं अमेरिकेत किती गाड्यांच्या वाट्याला आलं?

त्या वर्षी २ लाख ८६ हजार गाड्या खपल्या. आणि मग? १९९१ ते १९९९ एकच लहान गाडी. त्याच मालकांचे संसार वाढले, त्यांना मोठी गाडी हवी होती, आणि सॅटर्नकडे ती नव्हती. ते होंडा-टोयोटाकडे गेले. खरं तर ज्यांच्याकडून गिऱ्हाईक खेचून आणण्यासाठी सॅटर्न काढली होती, त्यांच्याकडेच.

गिअरबॉक्स:

असहमत. तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. मी डेट्रॉइटजवळ सतरा वर्षं गाड्यांच्या इंजिनांवर काम केलं आहे, त्यामुळे थोडं स्पष्ट लिहितो.

१९८५ मध्ये घोषणा झाली तेव्हा या प्रकल्पाचा आकडा ५ अब्ज डॉलरचा होता. नवीन कंपनी, नवीन कारखाना, नवीन इंजिन, नवीन विक्रेते, सगळं कोऱ्या पाटीवर. हा पैसा शेव्हरोले, पॉन्टिॲक, ओल्ड्समोबिल या जनरल मोटर्सच्याच इतर गाड्यांच्या ताटातून आला. १९९२ साली जनरल मोटर्सचा तोटा २३.५ अब्ज डॉलर होता. घरात दाणा नसताना धाकट्याला वेगळं तूप वाढा, असं तुम्ही म्हणताय.

आणि गाडी? इंजिन खडखडाट करायचं. एस मालिकेच्या, म्हणजे त्याच लहान गाडीच्या, १.९ लिटर इंजिनात पिस्टनच्या ऑइल रिंगमागे तेल परत वाहून जाण्याची सोय अपुरी होती. रिंगा काजळीने चिकटायच्या आणि इंजिन तेल खायचं. मालकांमध्ये ही गोष्ट जगजाहीर आहे. प्लास्टिक उन्हात फुगतं म्हणून दारांच्या फटी रुंद ठेवाव्या लागत. त्याच काळातली होंडा सिव्हिक शेजारी उभी करा आणि फटींवरून बोट फिरवून बघा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हे सगळं करायची गरजच नव्हती. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता. भांडणं, गैरहजेरी, खराब माल, सगळ्यांत कुप्रसिद्ध. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना 'नुमी' या नावाने सुरू झाला. बहुतेक कामगार तेच, युनियन तीच, फक्त काम करण्याची पद्धत टोयोटाची. थोड्याच काळात तिथली गाडी गुणवत्तेत जपानी गाडीच्या तोडीची झाली. धडा स्वतःच्या घरात तयार होता, सॅटर्नच्या आधी सहा वर्षं! तो बाकीच्या कारखान्यांत नेण्याऐवजी वेगळी चूल मांडली.

स्थिर किमतीबद्दल एकच. प्रत्येक सॅटर्न विक्रेत्याला मोठा प्रदेश एकट्याला दिलेला असे. जवळपास दुसरा सॅटर्नवाला नाही, म्हणजे स्पर्धा नाही. किंमत हलत नव्हती यामागे फक्त चांगुलपणा नव्हता.

रानवारा:

गिअरबॉक्स, किमतीचं तुमचं म्हणणं मान्य करते. घासाघीस करू शकणाऱ्या माणसाला दुसरीकडे स्वस्त मिळालं असतं. पण घासाघीस कोणाला जमते? अमेरिकेत ज्याचा रंग, उच्चार आणि लिंग विक्रेत्याच्या सोयीचं त्याला. मला शेजारच्या माणसाइतकाच भाव मिळतो आहे एवढं कळणं, यासाठी मी दोनशे डॉलर जास्त मोजले असतील तर मोजले. त्यात मी फसले नाही.

नुमीचं उदाहरण मात्र मला अस्वस्थ करतंय. त्यावर विचार करून लिहिते.

कामगारपुत्र:

दोघांच्याही प्रतिसादात एक माणूस गायब आहे: लाइनवर उभा असलेला.

माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं होते, युनियनचे पदाधिकारीही होते. त्यामुळे कामगार अभ्यासात एमए करताना मी स्प्रिंग हिलचा करार मुद्दाम वाचला. डेट्रॉइटचे करार शेकडो पानांचे असत, हा २८ पानी. हजेरीचं घड्याळ नाही. कामाचे वर्ग मोजके, त्यामुळे 'हे माझं काम नाही' म्हणायला जागा नाही. साधारण दहा-पंधरा जणांचा गट आपलं वेळापत्रक, आपल्या भरत्या आणि आपला खर्च बघायचा. वरच्या पातळ्यांवर व्यवस्थापक आणि युनियनचा माणूस जोडीने बसायचे, पुरवठादार निवडण्यापासून जाहिरात संस्था निवडण्यापर्यंत. त्याच्या बदल्यात मूळ पगार इतर कारखान्यांपेक्षा कमी, आणि उरलेला भाग प्रशिक्षण, गुणवत्ता आणि उत्पादन यांच्याशी बांधलेला. जोखीमही वाटून घ्यायची आणि फळही.

हे घडवून आणणारे यूएडब्ल्यूचे डॉन एफलिन. ते १९८९ मध्ये, गाडी बाहेर पडण्याच्या आधीच, निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या स्टीफन योकिच यांना हा वेगळा करार कधीच पसंत नव्हता, आणि पुढे तेच संघटनेचे अध्यक्ष झाले. एका कारखान्याने राष्ट्रीय कराराबाहेर राहायचं, तर बाकीच्या लाखो कामगारांची एकजूट कशी टिकणार, हा त्यांचा प्रश्न. तो प्रश्न चुकीचा नव्हता. वडिलांनीही हेच विचारलं असतं.

म्हणजे बघा, मालकाच्या बाजूचा जन्मदाता १९९० मध्ये गेला आणि कामगारांच्या बाजूचा त्याच्या एक वर्ष आधी. सॅटर्न दोन्हीकडून पोरकी झाली. रानवारा म्हणतात कंपनीने उपाशी ठेवली. ते अर्धंच खरं आहे. खप घसरला तशी वर-खाली होणाऱ्या पगारातली फक्त 'खाली' बाजू कामगारांच्या वाट्याला येऊ लागली, आणि २००४ पर्यंत स्प्रिंग हिलच्या कामगारांनी स्वतःच मतदान करून तो करार सोडला. नवीन मॉडेल कुठे बनवायचं यावर त्यांचा शब्द चालत नसेल तर जोखीम त्यांनी का घ्यावी? १९९९ मध्ये मोठी एल मालिका आली ती डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला बनली, स्प्रिंग हिलला नाही. माझ्या दृष्टीने सॅटर्नचं मरण त्या निर्णयात आहे.

शरयू:

माझ्याकडे २००७ ची सॅटर्न स्काय आहे, दोन आसनी, उघड्या टपाची. अजून रविवारी काढते. पेट्रोल भरायला थांबलं की कुणी ना कुणी येऊन विचारतं, ही कुठली?

'उपाशी ठेवली' हे शेवटच्या काळाला लागू होत नाही. २००७ मध्ये सॅटर्नच्या ऑराला उत्तर अमेरिकेतल्या वर्षातल्या सर्वोत्तम कारचा मान मिळाला. आउटलुक आली, नवी व्ह्यू आली, बेल्जियममधून ॲस्ट्रा आणली. इतकं चांगलं ताट सॅटर्नला आधी कधी मिळालं नव्हतं. पण त्यात सॅटर्नचं काय उरलं होतं? माझी स्काय आणि पॉन्टिॲक सॉल्स्टिस एकाच कारखान्यातल्या बहिणी. ऑरा, ॲस्ट्रा, व्ह्यू ही ओपेलची, म्हणजे जनरल मोटर्सच्याच तेव्हाच्या जर्मन कंपनीची, नातलगं. प्लास्टिकची दारं गेली. मार्च २००७ मध्ये स्प्रिंग हिलला सॅटर्न बनणंही थांबलं. उपासमार नाही, ओळख पुसली गेली. गाडीवर माझं प्रेम आहे, पण तिला सॅटर्न म्हणताना मलाच अडखळायला होतं.

गिअरबॉक्स:

शरयू, नेमकं. आणि ओळख पुसली गेली तरी दोष मात्र वाटून घेतले. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने सदोष इग्निशन स्विचसाठी लाखो गाड्या परत बोलावल्या. किल्लीला हिसका बसला की स्विच सरकायचा, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅग उघडायची नाही. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू त्याच्याशी जोडले. त्या यादीत शेव्हरोले कोबाल्ट होती तशी सॅटर्न आयनही होती. 'वेगळी कंपनी, वेगळी गाडी' ही यांची जाहिरात. पण स्विच तोच होता.

कामगारपुत्र, एल मालिकेचा मुद्दा मला नवा नाही, पण या बाजूने मी तो पाहिला नव्हता. तरी हिशेब टळत नाही. दोन कारखाने चालवण्याइतका खप सॅटर्नला कधीच नव्हता.

तळेगावकर:

प्रतिसाद उशिरा देतोय. अमेरिकेतल्या वादात मला पडायचं नाही, पण याच कंपनीच्या तळेगावच्या कारखान्याला माल पुरवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी होतो. २०१७ च्या अखेरीस शेव्हरोले भारतात विकणं बंद झालं, कारखाना निर्यातीवर चालू राहिला आणि डिसेंबर २०२० मध्ये तोही थांबला. आता ती जागा ह्युंदाईकडे आहे. आमच्या गावात बीट आणि स्पार्कवाले अजून पुष्कळ आहेत. त्यामुळे माझा प्रश्न साधा आहे: सॅटर्न बंद झाल्यावर मालकांचं काय झालं? सुटे भाग मिळाले का? आणि ती कोणी विकत घेणार होतं ना?

रानवारा:

तळेगावकर, हो. जून २००९ मध्ये, जनरल मोटर्सची दिवाळखोरी जाहीर झाली त्याच आठवड्यात, रॉजर पेन्स्के यांच्या कंपनीने सॅटर्न घेण्याचा करार जाहीर केला. सुमारे साडेतीनशे विक्रेते आणि १३ हजार नोकऱ्या त्यावर लटकल्या होत्या. पेन्स्के यांचा व्यवसाय विक्रीचा, कारखाना नव्हता. सुरुवातीला जनरल मोटर्सने गाड्या बनवून द्यायच्या आणि पुढे दुसऱ्या कुणी. तो दुसरा म्हणजे फ्रान्सची रेनो. रेनोच्या संचालक मंडळाने नकार दिला आणि ३० सप्टेंबर २००९ ला पेन्स्केंनी माघार घेतली. त्याच दिवशी जनरल मोटर्सने सॅटर्न गुंडाळत असल्याचं सांगितलं. मी तेव्हा बातमी वाचत स्वयंपाकघरात उभी होते. गाडी विकून दोन वर्षं झाली होती, तरी रडू आलं.

दुरुस्ती आणि वॉरंटी जनरल मोटर्सच्या इतर विक्रेत्यांकडे गेली. इंजिनाचे भाग मिळतात. बाहेरचे पॅनेल मात्र जंकयार्डमध्ये शोधावे लागतात, पण ते बोल्टने बसतात, त्यामुळे घरच्या घरी बदलता येतात.

गिअरबॉक्स, नुमीवर विचार केला. तुमचं बरोबर आहे की गुणवत्तेचा धडा तिथे आधीच होता, आणि तो सगळ्या कारखान्यांत नेला असता तर अधिक लोकांचं भलं झालं असतं. तिथं मी हरले. पण नुमीने गाडी बनवायला शिकवलं, विकायला नाही. माझ्यासारखीला शोरूमच्या दारात ताठ मानेने उभं करणं हे काम कुठल्याही टोयोटाने शिकवलेलं नव्हतं, ते सॅटर्नने केलं. ती गोष्ट तरी शेव्हरोलेच्या शोरूममध्ये न्यायची होती. तीही नेली नाही. आणि कामगारपुत्र, तुमच्या प्रतिसादानंतर 'कंपनीने उपाशी ठेवली' हे वाक्य मी असंच्या असं पुन्हा लिहिणार नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक हिरवी सॅटर्न एसएल-१ अजून उभी असते. मालकीण सत्तरीच्या आहेत, त्या १९९४ ला स्प्रिंग हिलला गेल्या होत्या. उजव्या बाजूचं पुढचं फेंडर गेल्या वर्षी तुटलं, नातवाने जंकयार्डमधून दुसरं आणून बसवलं. ते सोनेरी आहे. रंगवून घ्या म्हटलं तर नको म्हणाल्या, कुठल्यातरी दुसऱ्या सॅटर्नचं आहे, राहू दे तसंच.