ई-फ्लॅट क्लॅरिनेट: कोणती घेऊ, आणि वरचे स्वर चढे लागतात त्याचं काय करू?

लेस्टरकर
इथे इंग्लंडात लेस्टरला हौशी विंड बँडमध्ये (फुंकवाद्यांच्या) नऊ वर्षं बी-फ्लॅट, म्हणजे नेहमीची क्लॅरिनेट वाजवतेय. आमची ई-फ्लॅट, म्हणजे लहान, वरच्या पट्टीची क्लॅरिनेट वाजवणारी मैत्रीण गाव सोडून गेली, आणि इंग्रज संगीतकार होल्स्टचा १९०९चा मिलिटरी बँडसाठीचा सूट (अनेक भागांची रचना) वाजवायचा कार्यक्रम तोंडावर आलाय. तिची जागा मला दिलीय. दोन जुन्या क्लॅरिनेट विकत मिळताहेत, एक लाकडी, एक प्लॅस्टिकची. बोटं तीच, पण वरचे स्वर टोचतात, चढतात. अर्ध्या तासात ओठ संपतो.

पचमढीवाला
ताई, मी बावीस वर्षं फौजेच्या बँडमध्ये होतो, त्यातली सहा ई-फ्लॅटवर. आधी कान तयार करा. बी-फ्लॅट म्हणजे आपली काळी पाच, ही काळी दोन. कागदावरचा तोच स्वर तुमच्या सवयीच्या सा-वरून थेट मध्यमावर जातो. तो मनात आधी ऐकू आला नाही की ओठ आवळतात, आणि आवळले की स्वर चढतो.

माउथपीस लहान, म्हणून तोंडात थोडा कमी घ्या. हवा कमी लागते म्हणून फुंकर मंद करू नका, आम्ही पोरं नेमकं तेच करायचो. आणि छातीत उरलेली शिळी हवा सोडायच्या जागा पेन्सिलीने खुणा करून ठेवा. दम त्या हवेनेच कोंडतो. रोज खालचा लांब स्वर धरून रजिस्टर की (वरच्या स्वरांत नेणारी अंगठ्याची चावी) उघडा. ओठ न हलवता वरचा पंचम सुरात आला पाहिजे.

शिकवणारी, ठाणे
हीच परीक्षा दुकानात करा. दोन्हींना एकच माउथपीस लावून, ट्यूनर समोर ठेवून. जिचे खालचे-वरचे स्वर जुळतात ती घ्या, लाकूड-प्लॅस्टिक नंतर. नळी जेमतेम अर्ध्या मीटरची, त्यामुळे बॅरल (माउथपीसखालचा छोटा जोड) मिलिमीटरभर बाहेर ओढली तरी बी-फ्लॅटपेक्षा जास्त फरक पडतो. सगळ्यात वरच्या स्वरांची बोटं प्रत्येक वाद्यावर वेगळी जमतात, ती स्वतः शोधावी लागतात.

लेस्टरकर
काका, मॅडम, काल दोन्ही वाजवल्या. लाकडीचे पंचम सरळ लागले, प्लॅस्टिकचे तीन स्वर चढेच. लाकडी घेतली. पण सरावाचा हॉल गार असतो, लांब विश्रांतीनंतर पहिलाच स्वर उतरलेला निघतो.

पचमढीवाला
वाद्य गार पडतं म्हणून. तुमची ओळ यायच्या चार-सहा बार (तालाची आवर्तनं) आधीपासून आवाज न काढता तोंडाची ऊब आत सोडत राहा. नवीन लाकूड असेल तर पहिले काही आठवडे रोज वीस मिनिटांच्या वर वाजवू नका, तडकतं. तुमची जुनी आहे, पण बरीच वर्षं पेटीत पडून असेल तर तेवढंच जपा.