एडीपीओची नोकरी सोडून इंदूर हायकोर्टात फक्त अपिलं करावीत का?

रामबागवाली: नमस्कार मंडळी. एमपीपीएससीतून (मध्य प्रदेशची लोकसेवा परीक्षा) एडीपीओ, म्हणजे सहायक सरकारी वकील झाले, तेव्हापासून शेजारच्या जिल्ह्यात मॅजिस्ट्रेट कोर्टात सरकारची बाजू मांडतेय. काम मनापासून आवडतं, पण निकाल लागला की आमचा फाइलशी संबंध संपतो, वर काय टिकलं, काय पडलं, कळतच नाही आणि मला नेमकं तेच करायचंय. म्हणून नोकरी सोडून इंदूर बेंचला क्रिमिनल अपिलं करावीत असं खूप वाटतंय. बाबा म्हणतात पक्का पगार सोडून कोणी पेशीच्या (कोर्टाच्या तारखेच्या) मागे धावतं का. सरकारी नोकरीतला अनुभव हायकोर्टात धरतात का, की परत शून्यापासून? आणि सुरुवात कोणत्या बाजूने करू, सरकारच्या की आरोपीच्या?

जुना वकील, एमजी रोड: ताई, शून्यापासून नाही. अपिलात नवा साक्षीदार सहसा येत नाही, जे काय असतं ते खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डमधे असतं आणि ते रेकॉर्ड बनताना तुम्ही रोज बघितलंय. पोलिसाने 161 च्या बयानात (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे तपासात घेतलेला जबाब) काय लिहिलं, साक्षीदार कोर्टात काय जास्तीचं बोलला, जप्ती पंचनाम्यावर सही करणारा पंच नंतर फिरला का, हे पेपर बुकात (खालच्या कोर्टाच्या कागदांची बांधलेली प्रत) शोधायला नव्या मुलांना फार वेळ लागतो, तुम्हाला पहिल्या वाचनात दिसेल. 313 चे प्रश्न (त्याच जुन्या संहितेतले, पुराव्याबद्दल कोर्ट आरोपीला विचारतं ते) तर आधी वाचा. जो पुरावा आरोपीला विचारलाच नाही तो त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, 1984 च्या शरद बिरधीचंद सारडा निकालात (पुण्याची केस) सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट सांगितलंय, परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रंही त्यातच आहेत. तो निकाल पूर्ण वाचा, हेडनोटवर (वरच्या सारांशावर) भागवू नका. अवघड जाईल ते वेगळं आहे. मॅजिस्ट्रेटसमोर अर्धा दिवस साक्ष चालते, इथे सजा निलंबनाच्या अर्जावर दोन-चार मिनिटं मिळतात, तेवढ्यात सगळ्यात मजबूत मुद्दा आधी ठेवता यायला पाहिजे, ते शिकायला चांगल्या सीनियरकडे बसाच.

पॅनलवर आहे: मी एजी ऑफिसच्या (महाधिवक्ता, म्हणजे हायकोर्टात सरकारच्या) बाजूने उभी राहते, म्हणून बाजूबद्दल सांगते. ताई तुम्ही दोनच बाजू धरल्या, तिसरीही आहे, पीडिताची. 31 डिसेंबर 2009 पासून जुन्या संहितेच्या कलम 372 च्या परंतुकाने पीडिताला स्वतः अपील करता येतं, आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात शिक्षा झाली किंवा भरपाई अपुरी दिली तर, आता बीएनएसएसमधे (नवीन संहिता) ते 413 मधे आहे. अशा लोकांना अनुभवी माणूस मिळत नाही हो, फार वाईट वाटतं बघून, सुटकेचा निकाल ऐकून घरी जातात आणि अपील करता येतं हे कोणी सांगतच नाही. तुम्ही सांगू शकाल. फक्त ज्या केसमधे सरकारकडून उभ्या राहिलात त्यात आरोपीकडून कधीच जायचं नाही, बार काउन्सिलच्या नियमातही बसत नाही. आणि मुदती पाठ करा, शिक्षेविरुद्ध हायकोर्टात 60 दिवस, सुटकेविरुद्ध सरकारला 90.

सुदामा नगर: पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून मी. अपिलं वर्षानुवर्षं पडून असतात, फी एकदा येते, पुढची फाइल कधी येईल भरवसा नाही, वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवूनच राजीनामा द्या. वकिलीच्या सनदेचं काय करायचं ते राजीनाम्याआधी बार काउन्सिलला लेखी विचारा. लीगल एडच्या (सरकारी मोफत वकील मदत) पॅनलवर नाव द्या, फी थोडी असते पण कैद्यांची जेल अपिलं मिळतात आणि त्यांचं कोणी नसतं, तिथे मन लावून केलेलं काम जजसाहेबांच्या नजरेत येतं.

रामबागवाली: सगळ्यांचे खूप आभार. पीडिताच्या अपिलाचं डोक्यातच नव्हतं. @पॅनलवर आहे, अशा केसेस बघायला सुट्टी टाकून इंदूर बेंचला येऊन बसले तर चालेल का?

पॅनलवर आहे: चालेल की, कोर्ट सगळ्यांना उघडं असतं. आदल्या संध्याकाळी कॉज लिस्ट (दुसऱ्या दिवशीच्या केसेसची यादी) बघून या, फायनल हिअरिंगचा बोर्ड असेल त्या दिवशी या, मोशनच्या (नव्या केसेस, छोटे अर्ज) गर्दीत काही कळत नाही.