इंग्रजी शिकायला थेट डब्लिन? त्यासाठी पाटल्या मोडाव्यात का?

लालबागची_मावशी

भाचा, वय 24, मराठी माध्यम, बी.कॉम. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात हिशेब बघतो. गेल्या वर्षी अंधेरीतल्या एका मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला जी गाडी अडकली ती चिंचपोकळीला उतरेपर्यंत सुटली नाही. तेव्हापासून त्याने ध्यास घेतलाय, आयर्लंडला जाऊन इंग्रजीचा कोर्स करायचा. स्टेशनजवळच्या एका कन्सल्टंटने पढवलंय, “आठ महिने राहायला मिळतं, आठवड्याला 20 तास काम करता येतं, फी तिथेच वसूल.” ताई पाटल्या मोडायला निघाली आहे.

मी दोन रात्री बसून नियम वाचले. कोर्स 25 आठवड्यांचा, आठवड्याला किमान 15 तास वर्ग, हजेरी 85 टक्के. तो कोर्स तिकडच्या सरकारच्या आयएलईपी नावाच्या यादीत असायला हवा, नाहीतर व्हिसाच नाही. फी 6000 युरोच्या आत असेल तर अर्जाआधीच पूर्ण भरायची. राहण्याखाण्याचे पैसे खात्यात वेगळे दाखवायचे. खासगी आरोग्यविमा. तिथे पोचल्यावर नोंदणीचे 300 युरो. आणि या सगळ्याची वसुली म्हणे कपबश्या विसळून.

माझं म्हणणं एवढंच, की व्हिसा शिकण्याचा आहे आणि आपण तो कमाईच्या हिशेबावर घेतोय. तिथे जाऊन दोन्ही हातचं जाणार. चुकत असेन तर सांगा.

डब्लिन_रिटर्न

मावशी, चुकताय. निम्म्या.

मी 2023 ला गेलो होतो, डोंबिवलीहून. तेव्हा किमान वेतन तासाला 11.30 युरो होतं, म्हणजे 20 तासांचे आठवड्याला 226. त्यात भाडं आणि खाणं कसंबसं निघायचं. फी वसूल वगैरे काही झाली नाही, ते स्वप्न विकणाऱ्याला दोन शिव्या माझ्याही. जून ते सप्टेंबर आणि 15 डिसेंबर ते 15 जानेवारी या काळात 40 तास काम चालतं, तेव्हा जरा श्वास घेता आला.

पण मी काय घेऊन आलो ते सांगतो. वर्गात ब्राझीलची पोरं जास्त. त्यांना आधी व्हिसा लागत नाही, ती विमानात बसून येतात आणि तिथे नोंदणी करतात. आपल्याला मात्र इथूनच फाइल पास करून घ्यावी लागते. तर ती पोरं माझ्यापेक्षा मोडकं इंग्रजी बोलायची आणि बिनधास्त बोलायची. ‘आय goed’ म्हणायची आणि पुढे जायची. मी प्रत्येक वाक्य आधी मराठीत रचून, मग मनात तपासून, मग बोलायचो. तोवर विषय बदललेला असायचा. तिसऱ्या महिन्यात एका हॉटेलात सकाळचा नाश्ता लावत होतो. एक आजी म्हणाल्या, अंडं कच्चं आहे. मी उत्तर दिलं, त्या हसल्या, मी परत आत गेलो आणि तव्यापाशी लक्षात आलं, की मधे मराठी आलंच नव्हतं. हे डोंबिवलीच्या क्लासमध्ये झालं नसतं. चार वर्षं तिथे फी भरली होती, म्हणून बोलतोय.

गिरगावकर_बाई

34 वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवलं. मला यातलं काही पटत नाही. इंग्रजी बोलण्यासाठी समुद्र ओलांडायची गरज या शहरात पडावी? सीएसएमटीला उतरून फोर्टात फिरा, प्रत्येक दुसरा माणूस इंग्रजी फाडतोय. भाच्याने रोज अर्धा तास मोठ्याने वर्तमानपत्र वाचावं, ग्रंथालयात जावं, दोन मित्र गाठून ठरवावं की आठ ते नऊ मराठी बंद. खर्च शून्य. पाटल्या मोडून भाषा शिकायची नसते.

दादर_फास्ट

बाई, आदर राखून विचारतो. तुमची मुलं कुठल्या माध्यमात शिकली?

गिरगावकर_बाई

इंग्रजी.

(प्रश्न रास्त आहे. तरी माझं मत तेच.)

दादर_फास्ट

मग राहू दे. ज्यांच्या घरात भाषा आहे त्यांना ती फुकट वाटते. मोठ्याने पेपर मीही वाचायचो. चाळीत, संध्याकाळी, खालून पोरं ‘ए साहेब’ ओरडायची. फोर्टातला प्रत्येक दुसरा माणूस इंग्रजी फाडतो, पण माझ्याशी फाडत नाही ना. मला बघून हिंदीवर येतो.

फाइलवाला

मी याच धंद्यात आहे, तेव्हा चष्मा लावून वाचा. कन्सल्टंटला कमिशन बहुतेक वेळा शाळेकडून मिळतं, त्यामुळे तो शाळा तुमच्यासाठी निवडतो असं समजू नका.

पहिली गोष्ट, देश बदलला की गणित पूर्ण बदलतं आणि लोक सगळं एकाच पातेल्यात ढवळतात. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतचा इंग्रजीचा कोर्स साध्या व्हिजिटर व्हिसावर होतो, सहा ते अकरा महिन्यांसाठी शॉर्ट टर्म स्टडी व्हिसा. दोन्हीवर काम करायला बंदी, आणि शॉर्ट टर्मला मुदतवाढही नाही. इंग्रजीसाठी अमेरिकेला जायचं तर एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा, बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत, मुख्यतः वर्गात बसून शिकायचं असेल तर आठवड्याला किमान 18 तास, आणि भाषेच्या कोर्सनंतर ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करायची परवानगी, मिळत नाही. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2025 पासून नुसती अर्जाची फी 2000 ऑस्ट्रेलियन डॉलर. म्हणजे लाखाच्या वर, आणि नकार आला तर ते पैसे गेले. कॅनडात ईएसएलच्या, म्हणजे नुसत्या इंग्रजीच्या कोर्सच्या, विद्यार्थ्याला कॉलेजबाहेर काम करता येत नाही. त्यामुळे ‘शिकत शिकत कमवा’वाले सगळे आयर्लंडचं नाव घेतात, त्यात नवल नाही.

दुसरी गोष्ट, पासबुक. सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागतं. आपल्याकडे काय होतं, पाच महिने खात्यात अकरा हजार, बारा हजार, नऊ हजार, आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम आठ लाख. मामाने दिले, काकाने दिले, पाटल्या मोडल्या. अहो, पाटल्या मोडल्या तर सोनाराची पावती लावा ना! मामाने दिले तर मामाचं स्टेटमेंट आणि मामा-भाच्याचं नातं दाखवणारा कागद लावा. पैसे कमी म्हणून जितक्या फाइली आपटताना मी पाहिल्या, त्याहून जास्त पैसे कुठून आले ते न सांगितल्याने आपटल्या.

आणि तिसरी, भाच्याने व्हिसाच्या अर्जासोबतच्या पत्रात काय लिहिलंय? बी.कॉम. झालेला, नोकरी असलेला मुलगा भारतातून इंग्रजी शिकायला का निघाला, हा प्रश्न व्हिसा देणारा विचारणारच. त्या अंधेरीच्या मुलाखतीची गोष्ट पत्रात आली पाहिजे. लोक ती लपवतात आणि ‘टू ब्रॉडन माय होरायझन’ छापतात.

कांदिवली_बाबा

फाइल पास होते हो. नंतरचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय.

मुलगा मेलबर्नला इंग्रजीच्या कोर्सला गेला होता, पुढे डिप्लोमा करायचा म्हणून. तिथे पंधरवड्याला 48 तास काम चालतं आणि इंग्रजीच्या कोर्सला हजेरी 80 टक्के लागते. रात्री गोदामात, सकाळी वर्ग. आठवड्यातून एक वर्ग चुकायला लागला, मग दोन. आम्हाला रोज व्हिडिओ कॉलवर ‘मस्त चाललंय’. कॉलेजने दोनदा सांगितलं, मग पत्र आलं, की तुझं नाव सरकारला कळवतोय, हरकत घ्यायची तर 20 कामकाजाचे दिवस. ताप होता त्या दिवसांचं डॉक्टरचं सर्टिफिकेट घेतलंच नव्हतं. तापाला कोण डॉक्टरकडे जातो, क्रोसिन घेऊन झोपला होता. परत आला. बोरिवलीला बँकेत चिकटलाय, बरं चाललंय, पण कर्जाचा हप्ता मी अजून भरतोय.

मावशींना पूर्ण पाठिंबा.

डब्लिन_रिटर्न

बाबा, वाईट वाटलं. पण हे मी मान्यच करतो, हजेरी हीच खरी अट आहे, बाकी सगळं कागद. आमच्या शाळेत नऊ वाजता दार, सव्वानऊला आलात तर पहिला तास गैरहजर. मालकाने मला 30 तासांच्या पाळ्या देऊ केल्या होत्या, ‘निम्मे रोखीने’ म्हणून. सोबतच्या एकाने घेतल्या. त्याची हजेरी 70 च्या घरात आली आणि दुसऱ्या कोर्सच्या नोंदणीला तो अडकला. असे जास्तीत जास्त तीन कोर्स करता येतात, मिळून दोन वर्षं, पण आधीची हजेरी नसेल तर पुढचं दार उघडत नाही.

माझं वेगळेपण एवढंच, की मी वसुलीचा हिशेब विमानतळावरच सोडला होता. मावशी, भाच्याला विचारा, एक रुपया परत आला नाही तरी जाशील का?

गिरगावकर_बाई

हा प्रश्न मला आवडला. (मत तेच.)

ठाणेकरीण

+1. वाचतेय.

लालबागची_मावशी

काल रात्री भाच्याला हा धागा वाचायला दिला. ‘डब्लिन_रिटर्न’ यांचा प्रश्न वाचून बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “अर्धे परत नाही आले तरी जाईन. काहीच नाही आलं तर नाही.” म्हटलं, ठीक, उत्तर तरी खरं आहे.

आज त्याने कन्सल्टंटला स्पीकरवर फोन लावला आणि चक्क इंग्रजीत विचारलं, “सर, व्हॉट इज द अटेंडन्स रूल?” मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. तिकडून मराठीत उत्तर, “त्याचं टेन्शन घेऊ नकोस रे, सगळे मॅनेज करतात.” पोराचे कान लाल झाले. थांबला, आवंढा गिळला आणि म्हणाला, “सर, आय अ‍ॅम आस्किंग. प्लीज आन्सर.” तिकडून फोन कट.

पाटल्या अजून कपाटात आहेत. आयएलईपीची यादी काढून तो आता एकेका शाळेला स्वतःच मेल लिहितोय. पहिला मेल लिहायला त्याला दीड तास लागला, दुसऱ्याला चाळीस मिनिटं.